शेवंताचा घास

आमच्या तासगावकडच्या वृद्धाश्रमात एकदा तपासणीला टिपणीस साहेब आले. शिपायाने गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरने बॅग उचलली, कारकुनाने छत्री धरली, तेव्हा कुठे साहेब आत पोचले.

आत सेविका म्हाताऱ्यांना जेवण भरवत होत्या. साहेब कडाडले, "इतक्या बायका कशाला? राज्यभर आम्ही सेविका कमी करतोय. उद्यापासून इथे एकच ठेवा!"

सेविकांचे हात थबकले. साहेबांचं येणं खिडकीतून बघितलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या द्वारकाबाई मात्र काठी टेकत उठल्या आणि साहेबांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"दार उघडायला एक, पिशवी धरायला एक, सावलीला एक! लेकरा, या वयात केवढं रे दुखणं हे! शेवंता, माझं राहू दे, आधी याला भरव."

शेवंताने खरोखरच वरणभाताचा घास साहेबांच्या तोंडापुढे धरला. सगळा आश्रम हसला. साहेबांनाही हसू फुटलं आणि घास तोंडात गेला.

सेविका कमी करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. निघताना बॅग स्वतः उचलली, गाडीचं दारही स्वतःच उघडलं.

द्वारकाबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, आमच्या शेवंताच्या एका घासाने गुण आला!"