शेळीचे पथ्य

फार पूर्वी कुरंगवती नगरीत दृढबल राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व तेथे एका वैद्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव अनघ. त्यांच्या हाताला गुण होता, वाणी गोड होती आणि संयम पुष्कळ होता. संयमाचे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण या कथेत तो सगळा खर्ची पडणार आहे.

त्याच नगरीत नंदिमित्र नावाचा धान्याचा व्यापारी राहत असे. काही माणसे दुष्ट नसतात, आळशी नसतात, कंजूषही नसतात, तरी त्यांच्याशी दोन वाक्ये बोलली की डोके धरून बसावेसे वाटते. नंदिमित्र त्यांतला होता. वडील वारल्यावर आईला आता विश्रांती मिळावी म्हणून त्याने गोठ्यातल्या सगळ्या गाई विकून टाकल्या. चूल सुनेकडे गेली, कोठाराच्या किल्ल्या कारभाऱ्याकडे गेल्या, अंगण झाडायला दासी आली. त्याची आई भद्रवती जन्मभर पहाटे उठून गोठा सांभाळत आली होती. आता तिला मऊ गादीवर बसवण्यात आले. वारा घ्यायला तिने पंखा उचलला, तर तोही काढून घेऊन तो हलवायला माणूस ठेवण्यात आला.

पुढे भद्रवतीने बोलणे सोडले. मग जेवण सोडले. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि दिवसेंदिवस खंगत चालली. नंदिमित्र घाबरला. आईवर त्याचे खरेच फार प्रेम होते. त्याने बोधिसत्त्वांना बोलावले.

बोधिसत्त्वांनी म्हातारीची नाडी पाहिली. तिचे तळहात पाहिले. बाहेर येऊन रिकामा गोठाही पाहिला. दुसऱ्या दिवशी ते एक तांबडी शेळी घेऊन आले. तिचे पिल्लू जन्मताच दगावले होते, त्यामुळे ती चिडकी झाली होती आणि कोणालाही जवळ येऊ देत नव्हती.

बोधिसत्त्व म्हणाले, "श्रेष्ठी, आईंना काढा नको, चूर्ण नको. शेळीचे पथ्य आहे. तेवढे नीट सांभाळा."

"अगदी नीट सांभाळतो, वैद्यराज," नंदिमित्र म्हणाला. आणि त्याने ते सांभाळले. शेळीला गच्चीवर छपराखाली बांधले. तिच्यासाठी दोन नोकर नेमले. शेळीचे पथ्य म्हणून तिला मुगाचे कढण आणि सोललेल्या काकडीचे काप देण्यात येऊ लागले. हिरवा पाला बंद केला, कारण पाला वातूळ. शेळी दिवसभर ओरडत राहिली. आई मात्र होती तशीच होती.

बोधिसत्त्व चौकशीला आले तेव्हा त्यांना गच्चीवर नेऊन हा सगळा थाट दाखवण्यात आला. कढणाकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"श्रेष्ठी," ते शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "पथ्य शेळीला नव्हे हो. आईंना!"

"असे होय! मग आधी नाही का सांगायचे?" नंदिमित्र म्हणाला. त्याने लगेच नोकरांना पिटाळले. त्या दिवसापासून भद्रवतीपुढे चांदीच्या वाटीत बोरीच्या पाल्याचा रस आणि बाभळीच्या शेंगांची चटणी येऊ लागली. शेळी जे खाते तेच आईला द्यायचे, म्हणजे शेळीचे पथ्य. भद्रवतीने वाटी हाताने दूर सारली. गेल्या कित्येक दिवसांत तिने केलेली ती एवढीच हालचाल होती.

बोधिसत्त्वांच्या कानावर हे गेले तेव्हा ते भर रस्त्यात कपाळाला हात लावून उभे राहिले. मग घरी न जाता तसेच नंदिमित्राकडे आले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "शेळी आईंच्या हाती द्या. चारा आईंनी घालायचा. धार आईंनी काढायची. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. हे पथ्य."

या वेळी नंदिमित्राला नीट कळले, आणि तो दुखावला. "आईने शेळी राखायची? घरात इतकी माणसे असताना? लोक म्हणतील, बाप गेल्यावर मुलाने आईला कामाला जुंपले. वैद्यराज, एवढे सोडून काहीही सांगा."

त्याने राजवैद्य कालसेनाला बोलावले. कालसेनाने दारातूनच रोगी पाहिला आणि मांसरस सांगितला. "शेळी घरात आहेच," तो म्हणाला, "तीच घ्या." लगेच खाटकाकडे निरोप गेला. मग कालसेनाने तेथेच थांबलेल्या बोधिसत्त्वांना बाजूला घेतले. "राजवाड्यात माझ्या हाताखाली जागा रिकामी आहे. माझ्यामागे गादी तुमचीच. आज फक्त माझ्या उपचाराला मान डोलवा. विरोध केलात, तर या नगरीत कोणी तुमच्याकडून सुंठसुद्धा घेणार नाही, एवढी व्यवस्था मी करीन."

बोधिसत्त्व जिना चढून वर गेले. त्यांनी शेळीचे दावे सोडले, तिला ओढत, ढकलत, तिच्या लाथा खात खाली आणले, भद्रवतीच्या खोलीत लोटले आणि दार लावून घेऊन दाराला पाठ टेकून बसले.

"वैद्यराज, हे काय? आई मरेल!" नंदिमित्र ओरडला.

"तुम्ही सांभाळताय तशी सांभाळलीत, तर नक्की मरेल," बोधिसत्त्व म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. तो तसा चढलेला त्यांच्या घरच्यांनीही कधी ऐकला नव्हता. "बसा तिथे. आणि कृपा करून काही करू नका!"

आत बराच वेळ नुसते ओरडणे चालले होते. मग कापड टरकल्याचा आवाज आला. मग चघळल्याचा. आणि मग एक घोगरा, रागावलेला आवाज.

"अगं ए! सोड! सोड म्हणते ना! गादी काय खायची वस्तू आहे, भवाने?"

नंदिमित्र जागच्या जागी उभा राहिला. आत काहीतरी कलंडले, झटापट झाली. मग आवाज एकदम खाली आला.

"अगंबाई, कास किती तटतटली आहे गं तुझी! नुसता दगड झालाय. कोणी धड धारसुद्धा काढली नाही का? उभी राहा. उभी राहा, बाई. दुखतंय, कळतंय मला. नंदू! अरे नंदू! कोमट पाणी आण, आणि एक मडकं. चांदीचं काही आणू नकोस!"

नंदिमित्र बोधिसत्त्वांकडे वळला. "वैद्यराज, कोमट म्हणजे किती कोमट?"

बोधिसत्त्वांनी डोळे मिटून घेतले.

पाणी घेऊन नंदिमित्र आत गेला तेव्हा आई जमिनीवर बसली होती. शेळीच्या पोटाला खांदा टेकवून ती हलक्या हाताने कास चोळत होती. तिने मान वर केली नाही.

"इतके दिवस ओरडत होती रे ही. घरात एकालाही वाटलं नाही, जाऊन बघावं हिला काय होतंय ते?"

"आई, मी तिच्यासाठी दोन माणसे ठेवली होती."

"ठेवली होतीस," भद्रवती म्हणाली. "माझ्यासाठीही ठेवली होतीस."

नंदिमित्र पाणी ठेवून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"रडतोस कशाला? तिचे मागचे पाय धर. लाथ मारते ती," आई म्हणाली. त्याने पाय धरले. शेळीने तरीही लाथ मारलीच. भद्रवतीला हसू आले. त्या दुपारी तिने त्याच दुधात भात कालवून खाल्ला. खाटीक आला तेव्हा त्याला तिनेच दारातून परत पाठवले, आणि तेही चार शब्द सुनावून.

कालसेनाने बोलल्याप्रमाणे केले. राजवाड्याची वाट बोधिसत्त्वांना बंद झाली आणि मोठ्या घरची बोलावणी थांबली. उरलेले आयुष्य त्यांनी गरिबांची नाडी पाहत काढले. त्याबद्दल त्यांना वाईट वाटल्याचे कोणी ऐकले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तेथे एक वृद्ध स्थविर आजारी होते. त्यांच्या पायाशी रोज एक भटके कुत्रे येऊन बसे. विहाराची व्यवस्था पाहणारा भिक्षू पुण्णिल स्वच्छतेपायी त्याला हाकलून देई, आणि मग स्थविर अन्न का घेत नाहीत, अशी सगळ्यांकडे तक्रार करीत फिरे.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिमित्र म्हणजे आजचा पुण्णिल. तो तेव्हाही मनाने चांगला होता, आजही आहे, आणि तेव्हाही ऐकत नव्हता. कालसेन आज कोठे आहे ते विचारू नका. भद्रवती म्हणजे आत पडलेले हे स्थविर. वैद्य अनघ तो मीच होतो. सद्गुणाच्या ज्या पारमितेमुळे त्याने राजवैद्याची गादी सोडली, तिचे नाव मैत्री."

"आणि ती शेळी, भगवन्?" पुण्णिलाने विचारले.

"ती मघापासून दार खरवडते आहे," शास्ते म्हणाले. "ऊठ, पुण्णिल. दार उघड."