मक्यातलं गवत

“बुवा, ऊन पडणार तरी कधी?”

वैशाख अर्धा सरला होता. मैथिलीनं पठारावर रणरणतं ऊन गृहीत धरलं होतं. सहा वर्षं परदेशात शेतीशास्त्र शिकून ती आपल्या मुलखात परतली होती आणि मठाची शेती पाहत होती. उन्हाळी मका डोक्याएवढा वाढेल, तो कापून खड्ड्यात दाबू, त्याचा मुरघास मठाच्या नऊ गाईंना पावसाळाभर पुरेल, असं तिचं गणित.

प्रत्यक्षात रोज धुकं, रोज झिमझिम. माणसं भरदुपारी घोंगडी पांघरून हिंडत होती. मका गुडघ्याशीच अडून बसला होता. पानं पिवळी, कडा जांभळ्या.

खड्डा रिकामा राहिला, तर मृगाआधी गाई घाटाखाली परक्या दावणीला द्याव्या लागणार होत्या. आणि “एकही गाय जाणार नाही,” असं साऱ्या मठासमोर तिनंच सांगितलं होतं.

मठाच्या केशरपुरी बुवांनी आभाळाकडे पाहिलं.

“मला काय पुसतेस? शिकून तू आलीस.”

“खत घातलं. चर काढले. वरचं अर्धं शेत तीनदा खुरपलं. मका हलत नाही, आणि हे मेलं गवत उपटावं तेवढं फोफावतंय! खालचं अर्धं शेत अजून राहिलंय. उद्या बाया येतील.”

“उद्या कशाला? चल, मी खुरपतो.”

बुवा वाफ्यात उकिडवे बसले. म्हातारे हात झरझर चालू लागले. मैथिलीला भरून आलं. मग तिचं लक्ष त्यांच्या मुठीकडे गेलं.

“बुवा! अहो, मका उपटताय तुम्ही!”

“हा मका होय?”

“मग काय!”

“मला वाटलं, बळंच जगतंय ते तण.”

तिला हसावं की रडावं कळेना. बुवा उठले. बांधाला चंद्री गाय बांधली होती. त्यांनी मका तिच्यापुढे टाकला. मग कमरेएवढं वाढलेलं गवत मूठभर ओढून तेही टाकलं.

चंद्रीनं दोन्ही खाल्लं.

“हिला कुणी सांगितलेलं दिसत नाही,” बुवा म्हणाले.

“म्हणजे मी मका लावला, ते चुकलं?”

बुवा चंद्रीची मान खाजवत राहिले.

“मग शिकले ते सगळं वाया?”

बुवा मठाकडे चालू लागले. तिनं आणखी मूठभर गवत ओढून चंद्रीपुढे धरलं.

सकाळी बाया खुरपी घेऊन आल्या. मैथिली विळा हातात घेऊन बांधावर उभी होती. बुवाही काठी टेकत आले होते.

“खुरपी ठेवा. आज गवत कापायचं.”

“आणि मका?” चांगुणाबाईनं विचारलं.

“विळ्याखाली येईल तो येऊ दे. सगळं पडवीत पसरून जरा सुकवू, मुरायला गूळपाणी शिंपडू आणि खड्ड्यात दाबू.”

चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून हसली. “अगं बाई! मग ताई, तीन खेपा उपटून आम्ही ओढ्यात फेकलं, ते काय होतं?”

मैथिलीनं बुवांकडे पाहिलं.

“बुवा, खरंच... ते काय होतं?”

बुवांनी तिच्या हातातला विळा घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला.

“धार नाही याला.”