ना सुलटं, ना पालथं

फार फार मागची गोष्ट. राज्य कुणाचं होतं, हे आता त्या राजालाही आठवत नसेल. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. सपाट जागाच नाही, त्यामुळे घरं चिंचोळी, आणि स्वयंपाकघरं तर विचारूच नका. तिथल्या एका बाईच्या स्वयंपाकघरात मांजर शिरलं, तर त्याला वळायला जागा नसे. ते आलं तसं मागे सरकत बाहेर जाई.

त्या गावाची एक रीत होती. भांडं पालथं घालायचं नाही. पालथं भांडं म्हणजे उपाशी घर. ते दिसलं की पाहुणा उंबऱ्यावरूनच माघारी फिरायचा. म्हणून धुतलेलं प्रत्येक भांडं सुलटं ठेवायचं. सुलट्या भांड्यात पाणी राहणारच, मग ते पुसायचं. फडकं भिजलं की पिळायचं आणि पुन्हा पुसायचं. जागा वाचावी म्हणून बाईने एकदा ओली पातेली एकात एक घातली, तर ती अशी अडकून बसली की नवरा एकीकडून आणि शेजारी दुसरीकडून ओढत बसले. तेव्हापासून बाई आपली पुसत होती. सकाळची भांडी होईतो दुपारची पडत, आणि दुपारची होईतो अंधार.

अशात तिची म्हातारी आई चार दिवस राहायला आली. आईची नजर झपाट्याने जात होती. वैद्याने हात टेकले होते. उन्हात थोडं दिसे, सावलीत काहीच नाही. दिसतंय तोवर लेकीचा चेहरा डोळे भरून पाहावा, एवढ्याचसाठी ती डोंगर चढून आली होती. पण लेकीच्या वाकलेल्या पाठीवर आणखी ओझं कशाला, म्हणून तिने तिला काही सांगितलं नाही.

रोज उतरत्या उन्हात आई ओट्यावर बसे आणि हाक मारी, "ये गं जरा बाहेर."

आतून उत्तर येई, "आलेच हं आई, एवढी भांडी पुसते."

लेक बाहेर यायची तेव्हा ऊन गेलेलं असायचं. ती भिंतीला टेकायची आणि बोलता बोलता पेंगायची. खरं सांगू? असलं दमणं फार वाईट. माणूस घरातच असतं, पण कुणाला भेटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आई चाचपडत मोरीशी गेली. तिने परसातल्या बांबूच्या कामट्या आणल्या आणि मोरीच्या वर, खिडकीला लागून, सुतळीने आडव्या बांधल्या. ताटं त्यांच्यात उभी केली. वाट्या, तांबे, पातेली तिरकी टेकवली. पाणी थेंब थेंब मोरीत गळू लागलं. जमिनीवरची वीतभर जागाही अडली नाही.

लेक घाबरली. "अगं आई, पालथी घातलीस? लोक काय म्हणतील?"

"पालथी कुठं? कलती आहेत. तुमच्या रीतीत कलत्याचं काही आहे का?"

लेकीने आठवून पाहिलं. तसं काही नव्हतंच. तरी तिचा हात सवयीने फडक्याकडे गेला. "एवढी पुसते आणि..."

आता मात्र आईच्याने राहवेना. "बाळ, पाणी आपलं आपण गळेल. पण माझे डोळे थांबायचे नाहीत गं. पुढच्या खेपेला तू मला दिसणार नाहीस. ऊन आहे तोवर चल."

फडकं तिथेच पडलं.

ओट्यावर आईने लेकीची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाली, "किती दमलीस गं माझी बाय!"

आजवर हे तिला कुणी म्हटलंच नव्हतं. लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि ऊन पार जाईतो दोघी तिथेच बसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली ती दुसऱ्याचा हात धरून. तिला काहीच दिसत नव्हतं. पण लेक कशी दिसते असं कुणी विचारलं, की भुवईपाशी तीळ कुठे आहे तेही ती बरोबर सांगायची. आणि लेक तेव्हा तिच्या शेजारीच बसलेली असायची.

तात्पर्य : भांडी वाऱ्यावर सोडावीत, माणसं सोडू नयेत.