शिवतीबाईवर फिर्याद

एकदा पुराचं पाणी थेट आमच्या तुळशीपाशी येऊन थांबलं, तेव्हा हात जोडून मी नवस बोलले होते, "बाई, मागे फीर. दर श्रावणात घाटावर बसून तुझी गोष्ट सांगेन!" ती फिरली. तर ऐका.

घाटशिवणीच्या राजाच्या नव्या महालात शिवती नदी शिरली! गाद्या भिजल्या, लोड तरंगले, मुदपाकखान्यात मासे आले. राजा खवळला. भर दरबारात नदीवर फिर्याद झाली: परक्याच्या घरात घुसल्याची! दिवाणजींनी मान डोलावली, म्हणून शास्त्रीबुवांनीही डोलावली. शिक्षा ठरली, नदीला हद्दपार करायचं. मग नवं पात्र खणायचं कुठून? तर कुंभारवाड्यातून!

कुंभारवाड्यात रडारड झाली. पण येसू कुंभारीण पदर खोचून दरबारात उभी राहिली.

"महाराज, शिवतीबाईच्या बाजूनं साक्ष नको का घ्यायला?"

"आण की साक्षीदार! पण त्याचा शब्द मलाही खोडता येता कामा नये. नाहीतर उद्याच कुदळी चालतील!"

दरबार खो खो हसला.

"आणते. आधी घाटावर चला."

घाटावर शेंदूर लावलेला मोठा दगड होता. येसूनं विचारलं, "महाराज, शिवतीची ओटी तुम्ही कुठे भरता?"

"इथेच! पणजोबांपासून इथेच."

"अन् जोडे अलीकडेच का काढता?"

"एवढंही ठाऊक नाही, पोरी? हा तिचा उंबरठा! पलीकडे तिचं घर. बाईच्या घरात जोडे घालून जातात होय?"

"मग आपला महाल उंबरठ्याच्या अलीकडे, की पलीकडे?"

राजानं मान वळवली. महाल पलीकडे, ऐन वाळवंटात! दिवाणजी ढग न्याहाळू लागले.

"ते... तिथून देखावा छान दिसतो, असं दिवाणजी म्हणाले..."

"झाली साक्ष! आता स्वतःचाच शब्द खोडायचा तर खोडा, महाराज. बाईच्या माजघरात पलंग तुम्ही टाकलात, अन् वर तिलाच विचारता, तू इथे कशी?"

राजा आधी लाल झाला, मग पोट धरधरून हसला. महाल उतरवला, त्याच्या विटा कुंभारवाड्याला दिल्या आणि शिवतीच्या पहिल्या ओटीचा मान येसूला!

बायांनो, तुम्हीही श्रावणात घाटावर बसून एखादीला ही गोष्ट सांगा. फक्त नदीकडे पाठ करून बसू नका.