फिरतो, पण निघत नाही

“फिरतोय, तर निघत का नाही?”

शलाकाने टेम्पोखालून ओरडून विचारलं. बाहेर स्टुलावर बसलेल्या हुसेन उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

“फिरतोय?”

“या, बघा.”

उस्ताद वाकले. तिने पान्याला लांब पाइप घातला आणि दोन्ही पाय रोवून ओढला. बोल्ट अर्धा फेरा फिरला. तिने हात सोडला. बोल्ट होता तिथे परत आला.

“मग फिरला कुठे?” उस्ताद म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

शलाकाने दात-ओठ खाल्ले.

हर्णै बंदरावर मासळीच्या गाड्या खाऱ्या पाण्यानेच धुतात. गोडं पाणी प्यायला पुरत नाही, ते गाडीवर कोण ओतणार? मग चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे आर्मचा, बोल्ट धक्के सोसणाऱ्या रबरी बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. नट निघतो, बोल्ट निघत नाही. फिरवला की रबर पिळतं, सोडला की रबर त्याला मागे आणतं. हे शलाकाला ठाऊक होतं. डिप्लोमाला शिकली होती, शिवाय सकाळपासून भोगत होती.

“उस्ताद, हा जन्मात निघायचा नाही. कापायला हवा.”

“आपल्या गॅरेजात बोल्ट कापत नाहीत.”

“बुश फाटलंय, ते फेकायचंच आहे. बोल्टही जाऊ दे की त्याच्याबरोबर!”

“कापत नाहीत.”

डिझेल ओतून झालं. हातोडा मारून झाला. बोल्टाचं डोकं चेपून गोल झालं, पानाही त्याच्यावरून घसरू लागला. शलाकाच्या हाताची सालटी निघाली.

टेम्पोची मालकीण चोगलेमावशी सावलीत मासळीच्या क्रेटवर बसून होती. क्रेटखालून पाण्याचा ओहोळ रस्त्यापर्यंत गेला होता.

“काय गो, बर्फ संपला माझा. दापोलीच्या बाजारात आता काय, वास विकू?”

शलाका सरपटत बाहेर आली.

“उस्ताद, का कापायचा नाही? कारण सांगा. ‘आपल्याकडे असंच’ हे कारण नाही.”

उस्तादांनी कपातला उरलेला चहा ओतून दिला.

“सांगा ना!”

“माझे उस्ताद सांगायचे.”

“ते का सांगायचे?”

“त्यांच्या वेळी नवा बोल्ट मुंबईहून बोटीने यायचा. तोवर गाडी उभी.”

“आणि आता?”

“आता दापोलीत मिळतो.”

“मग हा नियम त्या बोटीबरोबरच का नाही गेला?”

शलाकाने ग्राइंडर उचलला. उस्तादांकडे बघितलंही नाही. बुशच्या एका बाजूला ठिणग्या उडाल्या, मग दुसऱ्या बाजूला. मावशी पदर सावरून मागे सरकेपर्यंत तुकडे खाली पडलेसुद्धा.

आणि मग शलाकाच्या लक्षात आलं. लावायला नवा बोल्ट नाही. दापोलीला जाऊन येईपर्यंत मासळी...

मावशीच्याही लक्षात आलं. “आता गो?”

उस्तादांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत तेल लावलेला नवाकोरा बोल्ट होता.

शलाकाने ग्राइंडर खाली ठेवला.

“हा... केव्हा आणलात?”

“काल. मावशीने गाडीचं सांगितलं तेव्हाच.”

“काल! आणि मी सकाळपासून इथे मरतेय? मी काहीच केलं नसतं तर?”

“जेवायला गेली असतीस. तेवढ्यात मी कापला असता.”

“तुम्ही?”

“तुझ्या आधी शिकायला आलेल्यांच्या वेळी मीच कापला. ते जेवून आले, बोल्ट निघालेला बघितला आणि माझे पाय धरले. का कापायचा नाही, हे एकानेही विचारलं नाही.”

“आणि माझी मासळी रे म्हाताऱ्या?” मावशी कडाडली.

उस्तादांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

शलाकाने त्यांच्या हातातून बोल्ट हिसकावून घेतला. “मग नियम ठेवलात तरी कशाला? आजपासून बंद करा तो!”

उस्ताद ग्राइंडरची वायर गुंडाळू लागले.

“तुझ्या हाताखाली कुणी आलं,” ते म्हणाले, “की त्यालाही सांग... कापायचा नाही.”