चकलीची घाई

चकल्याही बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. कढईतून निघालेली पहिली चकली ताटात पडताच ओरडली, "मला आत्ताच डब्यात भरा! मृण्मयीबरोबर शाळेत मीच जाणार."

"अगं, आधी गार तरी हो," शेजारची चकली म्हणाली. डब्यानेही बजावलं, "गरम असताना झाकण लावलं, तर आत वाफ धरते बाई."

"माझ्याइतकं कुरकुरीत आहे का कुणी?" असं म्हणत तिने डब्यात उडी मारली आणि झाकण ओढून घेतलं.

मधल्या सुट्टीत मृण्मयी तिला तोडायला गेली. चकली तुटलीच नाही, नुसती वाकली.

दुसऱ्या दिवशी, नीट गार होऊन डब्यात बसलेली शेजारची चकली शाळेत गेली. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. मृण्मयीने चावा घेतला, तेव्हा मागच्या बाकापर्यंत आवाज गेला.