नातालीन आजीच्या अर्ध्या प्रार्थनेची कहाणी

ऐका बायांनो, माळा हातात घ्या, गप्पा पदराला बांधा. आटपाट गाव होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला केळीच्या वाड्या, मधोमध चर्च. तिथं नातालीन आजी राहत होती. मोठी भाविक. घरात काही हरवलं, की संत अंतोनचा पुतळा भिंतीकडे तोंड करून उभा करी. “सापडेल तेव्हा वळवीन,” म्हणे. तिची माळ इतकी लांबे, की पहिल्या मण्याला अंड्यांवर बसलेली कोंबडी आमेनला पिल्लं घेऊन उठे. खोटं वाटेल तिनं कोंबडीला विचारावं.

आजीचा एक वसा होता. सांजची घंटा झाली, की अंगणातल्या क्रुसापुढं सगळं घर गुडघ्यांवर. दिवसभरात जी दोघं भांडली असतील, त्यांनी शेजारी बसायचं. एकानं नमो मरियाची प्रार्थना अर्धी म्हणायची, उरलेली अर्धी दुसऱ्यानं. आजी म्हणे, “रुसायचं तर रुसा, पण उत्तर गिळायचं नाही.”

मग आजी देवाघरी गेली. मागं दोन नातसुना राहिल्या. थोरली सेसिल, धाकटी फिलोमेना. आजीचं लाल लुगडं कुणी घ्यायचं, यावरून दोघींची जुंपली. थोरली आपल्या खोलीत एकटीच माळ म्हणू लागली. सुरुवातही तिची, उत्तरही तिचं. धाकटीनंही तेच केलं. वसा मोडला. मग केळीचा घड पोसेना. मग मैद्याचे फुगे तेलात फुगेनात. मग कोंबडी अंडं घालीना, घातलंच तर शेजारणीच्या अंगणात.

मग थोरली म्हणाली, “अंगणात भिंत घालू.” विटा आल्या, गवंडी आला. त्यानं दोरी ताणली, ती नेमकी क्रुसावरून गेली.

“क्रूस काढावा लागेल, बाय. उद्या पहार आणतो.”

धाकटी दारातून ऐकत होती. नवी नवरी होती, तेव्हा याच क्रुसाशी आजीनं तिला शेजारी बसवलं होतं. “जाऊबाई, एवढा क्रूस राहू द्या,” असं ओठांशी आलं, पण जीभ उचलेना.

इतक्यात घंटा झाली. धाकटी क्रुसापुढं बसली. मोठ्यानं म्हणाली, “नमो मरिये, कृपापूर्णे…” अर्धी म्हटली नि थांबली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा म्हटली. उत्तर नाही, पण घरात भांडं आपटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडूच फुटलं.

मग घरातून आवाज आला, “हे पवित्र मरिये…” सगळं उत्तर झालं, आणि मागोमाग, “रडत काय म्हणतेस गं? धड ऐकू येत नाही!”

“मग बाहेर या की, जाऊबाई!”

“येते. गुडघे गेलेत माझे. तुझ्यासारखी पोर नाही मी.”

थोरली आली, कण्हत शेजारी बसली. दहा-दहा मण्यांची पाच दशकं झाली, पन्नास मणी झाले. गवंडी दोरी हातात घेऊन ताटकळला होता.

“भिंतीचं काय करू, बाय?”

धाकटी म्हणाली, “विटा क्रुसाभोवती लाव. ओटा बांध. जाऊबाईंचे गुडघे दुखतात.”

थोरली म्हणाली, “आणि रुंद बांध रे. हीसुद्धा बसेल.”

जसं धाकटीच्या अर्ध्या प्रार्थनेला उत्तर मिळालं, तसं तुम्हां आम्हां मिळो. ही पन्नास मण्यांची कहाणी पांचा दशकीं सुफळ संपूर्ण. आमेन.